नवी नौका : हमी, वाहतूक आणि मालकाची दक्षता

(किनारपट्टीवरील पंचायत सदस्य, शिक्षक आणि मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

नवी नौका पाण्यात उतरते तो दिवस कोळीवाड्यात सणासारखा साजरा होतो. नाळेला हार चढतो, श्रीफळ वाढविले जाते, घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया नौकेला ओवाळतात. या आनंदामागे बहुधा बँकेचे किंवा संस्थेचे कर्ज असते, वर्षानुवर्षे साठविलेली पुंजी असते आणि पुष्कळदा घरातील सोनेही गहाण पडलेले असते. अशी नौका पहिल्याच पंधरवड्यात यंत्र बंद पडून किनाऱ्याला लागली, तर कर्जाचा हप्ता थांबत नाही. तांडेल-खलाशांना दिलेली उचल परत येत नाही. आणि हंगामाचे बुडालेले दिवस तर कोणीच भरून देत नाही.

म्हणून नवी नौका घेताना तिची किंमत, लांबी आणि यंत्राची अश्वशक्ती यांची जितकी चौकशी केली जाते, तितकीच चौकशी दोन दुर्लक्षित बाबींचीही व्हावयास हवी. नौका बांधणीच्या ठिकाणाहून बंदरापर्यंत सुखरूप कशी येणार, ही पहिली बाब. आणि ती बिघडल्यास हमीच्या मुदतीत तिची दुरुस्ती कोण, कोठे आणि कोणाच्या खर्चाने करणार, ही दुसरी. किनारपट्टीवरील अनेक कुटुंबांचे नुकसान दोषयुक्त मालापेक्षा या दोन प्रश्नांची उत्तरे आधी लिहून न घेतल्यामुळे होते.

तीन कागद, तीन प्रसंग

नौकेच्या मालकाजवळ तीन स्वतंत्र कागद असावे लागतात. पहिला हमीपत्राचा, दुसरा वाहतुकीच्या पावतीचा आणि तिसरा विम्याचा. हे तिन्ही कागद एकाच पिशवीत ठेवलेले असतात आणि त्यामुळे तिन्हींचे काम एकच आहे असा समज होतो. वस्तुतः प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे आहे.

हमीपत्र हे बांधणीतील किंवा साहित्यातील दोषांसाठी असते. फायबरच्या थरांत हवा राहून पडलेली पोकळी, सदोष पंप, वेळेआधी निकामी झालेला गिअर हे त्याचे विषय होत. खडकावर आपटून फुटलेला पंखा किंवा चुकीचे तेल वापरल्यामुळे अडकलेला दट्ट्या हमीत बसत नाही. वाहतुकीची पावती ही माल वाहकाच्या ताब्यात असतानाच्या नुकसानीपुरती उपयोगी पडते. नौकेचा विमा अपघात, वादळ, बुडणे यांसारख्या आपत्तींसाठी असतो. बांधणीतील दोषाची भरपाई तो सामान्यतः देत नाही.

आता असे समजावे की, रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका नाखव्याने परराज्यातून फायबरची नौका मागविली. नौका बंदरावर उतरली आणि आठ दिवसांनी तळाशी ताऱ्याच्या आकाराची बारीक भेग दिसली. बांधणारा म्हणतो, ही भेग वाटेत धक्का बसल्याने पडली. वाहक म्हणतो, माल सुस्थितीत मिळाल्याची सही पावतीवर आहे. विमा प्रतिनिधी म्हणतो, विमा नौका पाण्यात उतरल्यापासूनचा आहे. तिघांचेही म्हणणे कागदाप्रमाणे बिनचूक आहे आणि नौका मात्र किनाऱ्यावर उपडी पडलेली आहे. तीन कागदांच्या मधल्या फटीत सापडलेल्या मालकाची ही स्थिती टाळणे हाच या विषयाचा गाभा आहे.

जोखीम कोणाची?

मालविक्री अधिनियम, १९३० हा यासंबंधीचा मूळ कायदा होय. त्याच्या कलम ३९ प्रमाणे, करारानुसार माल खरेदीदाराकडे पाठविण्यासाठी वाहकाच्या स्वाधीन केला म्हणजे तो प्रथमदर्शनी खरेदीदारालाच पोचता केला असे मानले जाते. याचा व्यवहारातील अर्थ गंभीर आहे. वेगळे काही ठरलेले नसेल, तर नौका कारखान्याच्या फाटकातून ट्रकवर चढताच तिची जोखीम मालकाच्या माथी येऊ शकते. सबब, मागणीपत्रातच एक वाक्य लिहून घ्यावे : ‘नौका अमुक बंदरावर सुस्थितीत उतरवून देईपर्यंतची जोखीम विक्रेत्याची राहील.’ एवढ्या एका ओळीने पुढचे अर्धे वाद मिटतात. विक्रेता यास तयार नसेल, तर वाहतुकीचा स्वतंत्र विमा उतरविल्याखेरीज नौका हलवू देऊ नये.

याच अधिनियमाच्या कलम ४१ ने खरेदीदारास माल तपासून पाहण्याची वाजवी संधी मिळण्याचा हक्क दिलेला आहे. परंतु कलम ४२ प्रमाणे, वाजवी मुदत उलटूनही माल नाकारल्याचे न कळविल्यास तो स्वीकारला असे समजले जाते. तपासणी आणि तक्रार या दोन्ही गोष्टी म्हणूनच तातडीने करावयाच्या असतात.

रस्त्याने येणारी नौका

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार रस्त्यावरील वाहनाची कमाल रुंदी २.६ मीटर ठरविण्यात आली आहे. लहान आउटबोर्ड नौका या मर्यादेत बसतात. त्याहून रुंद नौका ट्रकच्या दोन्ही अंगांनी बाहेर येते आणि मग तिला मर्यादेबाहेरील माल म्हणून सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशी परवानगी नसताना वाहनाबाहेर येणारा माल नेल्यास २० हजार रुपयांचा दंड आहे आणि माल उतरवून घेण्याची जबाबदारीही आहे. दंड चालकाचा असला, तरी अर्ध्या वाटेत उतरविलेली नौका मालकाची असते, हे ध्यानात ठेवावे.

नौका दुसऱ्या राज्यातून येत असेल आणि तिची किंमत ५० हजार रुपयांहून अधिक असेल, तर मालासोबत ई-वे बिल आवश्यक असते. सामान्य मालासाठी या बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. मर्यादेबाहेरील मालासाठी ती दर २० किलोमीटरला एक दिवस अशी आहे. रुंद नौका सावकाशीने, बहुधा ठराविक वेळेतच चालवावी लागते. विक्रेत्याने बिलात मालाचा प्रकार चुकीचा नोंदविला, तर नौका वाटेत असतानाच बिलाची मुदत संपते आणि नाक्यावर खोळंबा होतो.

नौका ट्रकवर ठेवण्याची रीतही महत्त्वाची आहे. फायबरची नौका पाण्यात असताना तिचा भार सर्व तळाखाली सारखा विभागला जातो. ट्रकवर तीच नौका दोन-चार ठोकळ्यांवर टेकवली, तर सारा भार त्या ठिकाणी एकवटतो आणि खड्ड्यागणिक धक्के बसून तेथे भेगा पडतात. यासाठी तळाच्या आकाराप्रमाणे बनविलेला लाकडी पाळणा असावा. त्याचे आधार तळाच्या कण्याखाली आणि आतील आडव्या भिंतींच्या रेषेत यावेत. पट्टे आवळताना काठाखाली रबराचे किंवा गोणपाटाचे जाड अस्तर घालावे. इंधनाची टाकी रिकामी करावी, सुटे सामान काढून घ्यावे आणि तळाचे बूच उघडे ठेवावे. अन्यथा वाटेतील पावसाचे पाणी साठून नौकेचे वजन नकळत वाढते. आउटबोर्ड यंत्र शक्यतो उतरवून त्याच्या मूळ खोक्यातून वेगळे आणावे.

देशावरून येणारा माल आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा यांसारख्या घाटांतून कोकणात उतरतो. पावसाळ्यात घाटांत दरडी कोसळण्याचा धोका असतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. म्हणून नौका मे महिन्याच्या पूर्वार्धात बंदरावर पोचेल अशा बेताने मागणी नोंदविणे हितकारक ठरते. त्यामुळे पावसापूर्वी पाण्यातील चाचणी होते, दोष निघाल्यास बंदीच्या काळात दुरुस्ती होते आणि १ ऑगस्टला नौका हंगामासाठी सज्ज राहते.

मोठी नौका पुष्कळदा समुद्रमार्गानेच आणली जाते. अशा वेळी प्रवासाला निघण्यापूर्वी यंत्राच्या तासमापकावरील आकडा लिहून त्यावर विक्रेत्याची सही घ्यावी. प्रवासातले तास हे हमीतलेच तास असतात. ते कोणाच्या खाती धरावयाचे, हे आधी ठरलेले बरे.

उतरवून घेताना

नौका बंदरावर आल्यावर उत्साहाच्या भरात ती लगेच उतरवून घेतली जाते आणि चालकाने पुढे केलेल्या कागदावर सही होते. ही सही म्हणजे माल सुस्थितीत मिळाल्याची कबुली असते. त्यामुळे नौका ट्रकवर असतानाच तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पट्ट्यांखालचा आणि पाळण्यावर टेकलेला भाग विशेष लक्षपूर्वक पाहावा. फायबरच्या पृष्ठभागावर नाण्याने हलकेच टकटक करीत गेल्यास भरीव भागाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ भागाचा बद्द येतो. अनुभवी मिस्त्री या खुणेवरून बरेच काही ओळखतो. जे नुकसान दिसेल ते पावतीवरच स्पष्ट शब्दांत लिहावे आणि मग सही करावी. तपासणीस वेळ लागणार असेल, तर ‘तपासणी बाकी ठेवून ताबा घेतला’ असे तरी अवश्य लिहावे.

रस्तेमार्गे मालवाहतूक अधिनियम, २००७ हा १ मार्च २०११ पासून अमलात आला. या कायद्याप्रमाणे वाहकाविरुद्ध दावा करण्यापूर्वी त्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मालाची नोंदणी झाल्या दिनांकापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. माल मिळाल्याच्या दिनांकापासून हे दिवस मोजण्याची चूक होऊ नये. तसेच, अधिक जोखमीचा दर भरून मूल्य जाहीर केलेले नसेल, तर वाहकाची जबाबदारी नियमांनुसार मर्यादित असते. ती भाड्याच्या दहापटीहून जास्त नसते. भाडे १५ हजार रुपये असेल, तर भरपाई फार तर दीड लाखापर्यंत मिळेल. नौकेची किंमत मग पाच लाख असो वा सात लाख. म्हणून माल पाठविण्याच्या पत्रकात नौकेचे पूर्ण मूल्य लिहिले आहे किंवा नाही आणि त्याप्रमाणे जोखमीचा दर भरला आहे किंवा नाही, हे माल निघण्यापूर्वीच पाहावे.

हमीपत्र वाचण्याची रीत

हमीपत्राची मुदत किती, एवढेच बहुतेक ग्राहक पाहतात. त्याहून महत्त्वाचे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. मुदत कोणत्या दिवसापासून सुरू होते? विक्रीच्या दिनांकापासून ती सुरू होत असेल, तर मे महिन्यात घेतलेल्या नौकेचे बंदीचे दोन महिने फुकट जातात. पाण्यात उतरविल्याच्या दिनांकापासून ती धरावी अशी लेखी सवलत मागणे रास्त आहे. हौसेच्या वापरासाठी एक मुदत आणि व्यावसायिक वापरासाठी कमी मुदत, असा भेद आउटबोर्ड यंत्रांच्या अनेक हमीपत्रांत असतो. मासेमारीसाठी घेतलेल्या यंत्राला कोणती मुदत लागू आहे, हे बारीक अक्षरांत शोधावे.

नौकेचा सांगाडा, यंत्र, बॅटरी आणि दळणवळणाची उपकरणे यांचे उत्पादक वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाची हमी वेगळी असते. तक्रार एकाच ठिकाणी नोंदविता यावी यासाठी विक्रेत्यानेच समन्वय करावा, अशी अट मागणीपत्रात घालता येते.

सर्वांत कळीचा प्रश्न स्थळाचा आहे. हमीत सामान्यतः सुट्या भागांची किंमत आणि दुरुस्तीची मजुरी येते. कारागिराचा प्रवासखर्च, नौका ओढून नेण्याचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांचे उत्पन्न त्यात बहुधा येत नाही. आउटबोर्ड यंत्र सोडवून टेम्पोत घालून शहरातील सेवाकेंद्रात नेता येते. परंतु नौकेच्या आत बसविलेले डिझेल यंत्र कोठे नेणार? तेथे कारागीरच बंदरावर आला पाहिजे. जवळचे सेवाकेंद्र कोठे आहे, कारागीर किती दिवसांत येईल, त्याचे भाडे कोण देईल आणि नेहमी लागणारे सुटे भाग जिल्ह्यात मिळतात काय, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्यावरच आगाऊ रक्कम द्यावी. किमतीचा शेवटचा हप्ता पाण्यातील चाचणी यशस्वी झाल्यानंतर देण्याची अट बँक अथवा संस्था घालू शकते, आणि तिने ती घालावी.

पहिले वीस तास

हमी मिळविण्याइतकेच ती टिकविणे महत्त्वाचे असते. नव्या आउटबोर्ड यंत्राला आरंभीचे सुमारे दहा तास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कमी-अधिक गतीने, पूर्ण जोर न देता चालवावे लागते. पहिली सेवा साधारणतः वीस तासांनी आणि पुढची प्रत्येक १०० तासांनी करावयाची असते. नेमका आकडा त्या त्या पुस्तिकेत दिलेला असतो. दिवसाला पाच-सहा तास यंत्र चालविणाऱ्या मच्छीमाराचे वीस तास चार दिवसांतच भरतात. ऐन मासळीच्या दिवसांत सेवाकेंद्राकडे जावयास सवड नसते, पहिली सेवा राहून जाते आणि पुढे मोठा बिघाड झाल्यावर याच कारणाने हमी नाकारली जाते.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर यंत्र गोड्या पाण्याने धुणे, जस्ताचा संरक्षक तुकडा झिजल्यास बदलणे, गिअरचे तेल दुधाळ दिसू लागल्यास पाणी शिरल्याचे ओळखून यंत्र थांबविणे, या साध्या सवयी आहेत. आत बसविलेल्या यंत्राचा दांडा आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत की नाहीत, याची तपासणी नौका पाण्यात स्थिरावल्यावर पुन्हा करावी लागते, कारण जमिनीवर आणि पाण्यात सांगाड्याचा आकार किंचित बदलतो. ही फेरतपासणी विक्रेत्याने करून द्यावी, असे करारात असावे.

एका वहीत तारीख, यंत्राचे तास, घातलेले तेल, झालेली सेवा आणि दिसलेला दोष यांची नोंद ठेवावी. बिलांची पाकिटे वहीच्या मागे चिकटवावीत. वाद निर्माण झाल्यास ही दहा रुपयांची वही लाखाच्या यंत्राची साक्षीदार ठरते. हमीत यंत्र बदलून मिळाल्यास नव्या यंत्राचा क्रमांक नोंदणी अधिकारी, बँक आणि विमा कंपनी यांना ताबडतोब लेखी कळवावा. अन्यथा समुद्रातील तपासणीच्या वेळी किंवा विम्याच्या दाव्यात क्रमांकाचा मेळ बसत नाही.

दाद कोठे मागावी?

प्रथम विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच ठेवावी. दूरध्वनीवरील आश्वासन विसरले जाते, कागद राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदविता येते. एवढ्याने काम न भागल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार आहे. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला.

व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही, या नियमामुळे मच्छीमार पुष्कळदा आधीच माघार घेतो. परंतु स्वयंरोजगाराद्वारे केवळ आपला उदरनिर्वाह चालविण्यासाठी वस्तू घेणारा मनुष्य ग्राहकच होय, असे कायद्यात स्पष्ट म्हटलेले आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली एका निर्णयात, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचे उदाहरण देऊन हे तत्त्व विशद केले. स्वतः नौकेवर जाणाऱ्या मच्छीमाराची स्थिती याहून निराळी नाही.

नव्या कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. नौका परराज्यातून घेतली म्हणून तेथे खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगाकडे होते. पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल झाली पाहिजे. मात्र आयोगाचा निर्णय येईपर्यंत हंगाम थांबत नाही. म्हणून आधीची दक्षता हीच खरी दाद होय.

पुराच्या गावांची नौका

हा विषय केवळ समुद्रकाठचा नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. पुराच्या पाण्यात नौकेवर आणि ती चालविणाऱ्यावर केवढी भिस्त असते, हे त्या घटनेने महाराष्ट्राला दाखवून दिले.

बचावकार्यासाठी घेतलेल्या नौकेचा हमीच्या दृष्टीने एक विशेष धोका आहे. ती मे महिन्यात येते, समारंभाने स्वीकारली जाते आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवली जाते. त्या वर्षी पूर आला नाही, तर यंत्र एकदाही न चालता हमीची मुदत संपते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष पुरात दोरी ओढल्यावर यंत्र सुरू होत नाही. तेव्हा हमीही नसते आणि वेळही नसतो. म्हणून अशी नौका ताब्यात येताच नदीत किंवा तलावात चालवून तिचे पहिले तास पूर्ण करावेत, पहिली सेवा मुदतीत करून घ्यावी आणि दरमहा यंत्र पाण्याच्या पिंपात किंवा प्रत्यक्ष पाण्यात थोडा वेळ चालवून पाहावे. टाकीतील जुने पेट्रोल बदलावे. नौकेची क्षमता तिच्या अंगावर ठळक अक्षरांत लिहावी. या प्रत्येक गोष्टीची नोंद ग्रामसभेपुढे ठेवण्याचा प्रघात पाडला, तर नौका निर्जीव साठ्यातील वस्तू न राहता गावाची खरी राखणदार होईल.

संस्था, पंचायत आणि शाळा

एकट्या मच्छीमाराच्या पत्राकडे दुर्लक्ष होऊ शकते. वीस नौका एकत्र खरेदी करणाऱ्या संस्थेच्या पत्राकडे सहसा होत नाही. सहकारी संस्थांनी एकत्रित मागणी नोंदवून जून-जुलैच्या बंदीकाळात बंदरावरच सेवा-शिबिर घेण्याची अट विक्रेत्यावर घालावी. नेहमी लागणारे सुटे भाग संस्थेच्या भांडारात ठेवावेत. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेसारख्या योजनांतून अनुदान देताना हमी-सेवेचे स्थळ लेखी मागविण्याचा आग्रह अधिकाऱ्यांनी धरावा. सार्वजनिक पैशाने घेतलेली नौका दुरुस्तीअभावी पडून राहणे हे सार्वजनिकच नुकसान आहे.

गावातच कारागीर तयार होणे हा या प्रश्नावरचा टिकाऊ उपाय होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल यंत्राचे शिक्षण मिळते. कोची येथे १९६३ साली स्थापन झालेली केंद्र सरकारची मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण संस्था नौकायन आणि सागरी अभियांत्रिकीचे शिक्षण देते. कोळीवाड्यातील शिक्षकांनी होतकरू मुलामुलींना ही वाट दाखवावी. आठवी-नववीच्या वर्गात एखादे हमीपत्र वाचावयास द्यावे, पावती कशी तपासावी हे शिकवावे. वडिलांनी सही करण्यापूर्वी कागद वाचून दाखविणारे मूल घरात असेल, तर त्या घराची नौका अर्धी सुरक्षित झाली असे समजावयास हरकत नाही.

वारा, पाऊस आणि उधाण यांवर माणसाची सत्ता चालत नाही. मागणीपत्रातील एक ओळ, पावतीवरील एक शेरा आणि वहीतील एक नोंद मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे. समुद्राशी झुंजणाऱ्या माणसाला किनाऱ्यावर कागदांशी झुंजण्याची पाळी येऊ नये, यासाठी पंचायत, शाळा, संस्था आणि शासकीय यंत्रणा या सर्वांनी नौका पाण्यात उतरण्याआधीच त्याच्या पाठीशी उभे राहावे.